रिकामा रकाना

डोळे मिटा आणि असं समजा की तुम्ही नऊ वर्षांच्या आहात, आणि एका लांबलचक लाकडी टेबलाखाली मांडी घालून बसला आहात. टेबलाखाली अशासाठी, की वर जागाच नाही. वर कागदांचे गठ्ठे आहेत, खळीचं पातेलं आहे, दोऱ्याची रिळं आहेत, आणि आज पाहुण्यांसाठी धुऊन-पुसून ठेवलेले सहा कपही आहेत. तुमच्या डाव्या हाताला तुमच्या दीडपट उंचीचं एक लोखंडी मशीन आहे. त्याला बाहेर मोठं चाक आणि आत रुंद पातं. चाक फिरवलं की पातं खाली उतरतं आणि पाचशे कागदांची कड एका दमात साफ करतं. या कटिंग मशीनच्या जिवावर घरातल्या तीन पिढ्या जेवल्या आहेत. मशीनला कुणी हात लावायचा नाही, असं तुम्हाला रांगता यायच्या आधीपासून सांगितलेलं आहे.

आता डोळे उघडा. तुम्ही टाचणी आहात. अंगाने बारीक आणि प्रश्न विचारले की टोचतात, म्हणून अब्बांनी ठेवलेलं हे नाव.

उसवलेल्या पुस्तकाची पानं क्रमाने लावायचं काम टाचणीकडे होतं. बावन्न, त्रेपन्न, चोपन्न. एखादं पान हरवलं असेल तर तिथे कागदाची पट्टी घालायची, म्हणजे शिलाईला बसलेल्या आपाला कळे. आपा म्हणजे तिची थोरली बहीण. या कामाला एक नियम होता, आणि तो टाचणीच्या आजोबांनी घातला होता: पानाचा आकडा बघायचा, मजकूर बघायचा नाही. बाइंडरकडे वकिलांचे कागद येतात, दवाखान्याची दप्तरं येतात, कुणाच्या जुन्या पत्रांचा गठ्ठा येतो. लोक आपल्या घरातलं तुमच्या हातात देतात, ते तुम्ही वाचणार नाही या भरवशावर. अब्बांनी हा नियम जन्मभर पाळला होता. टाचणीने दोन वर्षं पाळला आणि त्या शुक्रवारी सकाळी मोडला.

मशिदीतून निकाहाची जुनी रजिस्टरं दुरुस्तीला आली होती. मोठाली तीन, पाठी निखळलेल्या, दोरे तुटलेले. एकेका पानावर एकेक लग्न: मुलीचं नाव, मुलाचं नाव, मुलाचा धंदा, साक्षीदार, मग मेहर किती ठरली तो आकडा, आणि सगळ्यांत शेवटी एक अरुंद रकाना. त्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, ‘अदा’. म्हणजे दिली का, किती दिली, केव्हा दिली.

मेहर म्हणजे काय हे नीट समजून घ्या, कारण त्या दुपारी मोठी माणसं तेच विसरली होती. निकाहाच्या वेळी नवऱ्याने बायकोला काहीतरी द्यायचं असतं. ते तिचं एकटीचं. बापाचं नाही, भावाचं नाही, सासूचं तर नाहीच. थोडं असो की फार, तो तिचा हक्क. मुलीच्या बापाने पलंग-कपाट द्यावं, हॉल घ्यावा, पाचशे माणसं जेवू घालावीत, हे त्यात कुठेही नाही. ते लोकांनी नंतर चिकटवलेलं आहे.

एकशे तेराव्या पानावर टाचणीची नजर घसरली. धंद्याच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘पुस्तकबांधणी’. त्या भागात बांधणीचं घर एकच होतं. तिने नाव वाचलं, आकडा वाचला, शेवटचा रकाना पाहिला. मग तिने पान मिटलं. पण ते दुपारपर्यंत तिच्या डोक्यात कुसळासारखं टोचत राहिलं.

दुपारच्या नमाजनंतर फुफी आल्या. या अब्बांच्या थोरल्या बहीण. तीन वर्षांपूर्वी टाचणीची अम्मी गेली तेव्हा याच फुफींनी महिनाभर या घरात चूल पेटती ठेवली होती, त्यामुळे त्यांच्यापुढे अब्बांची जीभ उचलत नसे. आल्या आल्या त्यांनी पर्समधून आपाच्या लग्नाची यादी काढली. हॉल, वाजंत्री, पलंग, कपाट, पाचशे माणसांचं जेवण. आणि यादीच्या वर, दोनदा अधोरेखित केलेलं: मेहर एक लाख.

फुफी दुष्ट नव्हत्या, हे लक्षात ठेवा. त्यांना मनापासून वाटायचं की मोठा आकडा हे मुलीभोवतीचं कुंपण आहे. त्यांची स्वतःची मेहर पंचवीस हजार लिहिली होती, तीस वर्षांपूर्वीचे पंचवीस हजार. प्रत्येक लग्नात त्या तो आकडा सांगत. आणि त्यांच्या आईची, म्हणजे दादीची, पाच हजार एक. त्या काळात तेवढ्यात घर आलं असतं, असं सांगताना फुफींचा आवाज चढायचा. दादी तेव्हा कुठेतरी दुसरीकडे बघत असायची. आजही ती खिडकीपाशी बसून कागदांना घड्या घालत होती.

अब्बा मशीनला पाठ टेकून उभे होते. यादी त्यांना तोंडपाठ होती, कारण यादीसाठीच त्यांनी मशीन विकलं होतं. एका छापखानेवाल्याकडून त्यांनी आगाऊ रक्कम घेतली, ती तशीच हॉलवाल्याच्या हातात ठेवली. आज चार वाजता छापखानेवाला टेम्पो घेऊन येणार होता. हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं, आणि पुढचंही नाही: सोमवारपासून ते त्याच्याच छापखान्यात, याच मशीनवर, पगारी हात म्हणून उभे राहणार होते. टाचणीला मात्र ठाऊक होतं. टेबलाखाली बसणाऱ्याला सगळंच ऐकू येतं.

तीन वाजता मुलाकडचे आले. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याला या घरात सगळे लिफ्टवाला म्हणत आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. बरोबर त्याची आई होती, दवाखान्यात वीस वर्षं आया म्हणून राबलेली, ताठ मानेची बाई.

चहा झाला. फुफींनी आकडा सांगितला. त्या आणि लिफ्टवाल्याची आई एकमेकींची उणीदुणी काढतील अशी अब्बांना भीती होती. झालं उलटंच. दोघींचं पाच मिनिटांत गूळपीठ जमलं. आईंनाही एक लाखच हवे होते, कमी आकडा म्हणजे मुलगा भिकेला लागलाय असा डंका. पलंग-कपाट आम्ही मागत नाही, त्या म्हणाल्या, पण लोक देतात तसं तुम्ही द्यालच. फुफी म्हणाल्या, का नाही देणार. एकीने कागदावर लाख मान्य केले, दुसरीने पलंग. ज्याने लाख द्यायचे त्याला कुणी विचारलं नाही, आणि जिला ते मिळायचे तिलाही नाही.

लिफ्टवाल्याने कप खाली ठेवला.

“माझ्याकडे अठरा हजार आहेत,” तो म्हणाला. “साठवलेले. तेवढे मी देऊ शकतो.”

त्याची आई हसली, तो लाजतोय असं दाखवत. फुफींनी त्याला समजावलं की लिहायचं आणि द्यायचं या दोन वेगळ्या गोष्टी असतात. कोण मागतं? सगळेच लिहितात.

“मी रोज लिफ्टमध्ये पाटी लावतो, सहा माणसं,” तो म्हणाला. “सातवा चढला तर उतरवतो. आणि माझ्याच कागदावर सहाची ताकद असताना साठ लिहू?”

आपा इतका वेळ शिलाईच्या चौकटीपाशी बसून दोरा ओढत होती. पाहुणे आले तरी तिने काम थांबवलं नव्हतं, आणि त्याबद्दल फुफींनी तिला दोनदा डोळे वटारले होते. तिने दोऱ्याला गाठ मारली आणि उठली.

“अठरा हजार मला मान्य आहेत,” ती म्हणाली. “हातात. निकाहाच्या वेळी, साक्षीदारांसमोर. हॉल नको, पलंग नको. आणि अब्बा, मशीन जाणार नाही.”

अब्बांचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. मशीनचं हिला कुणी सांगितलं म्हणून त्यांनी टेबलाखाली पाहिलं. टाचणीने पाय आत घेतले.

“तुझी किंमत अठरा हजार?” ते म्हणाले. “लोक काय समजतील?”

“किंमत विकायच्या वस्तूची असते, अब्बा. ती तुम्ही मशीनची केलीत. माझा हा हक्क आहे, आणि मला तो दिसायला हवा.”

फुफी मध्ये पडल्या. त्यांचा आवाज आता खरोखर काळजीचा होता. “वेडाबाई, आकडा मोठा असला की माणूस सोडताना दहादा विचार करतो. उद्या काही झालं तर अठरा हजारांत तू किती दिवस काढशील?”

“पैशाच्या भीतीने जो मला ठेवून घेणार, त्याच्यापाशी मी कशाला राहू, फुफी? आणि काही झालंच, तर कागदावरचे लाख मला कोण आणून देणार आहे? शिलाई येते मला. हे मशीन राहिलं तर धंदाही राहील.”

लिफ्टवाल्याच्या आईने पर्स उचलून मांडीवर घेतली, निघायची तयारी असल्यासारखी. अब्बा ओरडले नाहीत, पण हलकेच म्हणाले की या घराची रीत एका पोरीसाठी बदलणार नाही. फुफींनी मग हुकमाचं पान टाकलं. दादीकडे हात करून त्या म्हणाल्या, “हिला विचारा. पाच हजार एक होती. घराण्याची इज्जत होती ती. सांग ना, अम्मी.”

दादी घडीवरून बोट फिरवत राहिली.

तेव्हा टेबलाखालून आवाज आला.

“दादी, तुझ्या पानावर अदाचा रकाना रिकामा का आहे?”

अब्बांनी वाकून पाहिलं. टाचणीच्या मांडीवर रजिस्टर होतं आणि तिचं बोट एकशे तेराव्या पानात होतं.

“नियम काय आहे?” अब्बा म्हणाले.

“मजकूर बघायचा नाही.” टाचणीने बोट काढलं नाही. “मी बघितला.”

“बाहेर ये. आण ते इकडे.”

“माझ्याकडे आण,” दादी म्हणाली.

टाचणी बाहेर आली आणि दोघांच्या मधोमध उभी राहिली. मग ती दादीकडे गेली. दादीने चष्मा लावून ते पान बराच वेळ पाहिलं. पन्नास वर्षांत ते तिला कुणी दाखवलं नव्हतं.

“खरं आहे पोरीचं,” ती म्हणाली. “रिकामा आहे, कारण दिली नाही.”

फुफी म्हणाल्या, दिली नाही कशी, आमचे अब्बा गेले तेव्हा तू माफ केलीस, मी होते तिथे.

“तू सात वर्षांची होतीस, माझी ओढणी धरून उभी. तुमच्या अब्बांना आंघोळ घालून झाली होती, दारात माणसं खांदा द्यायला थांबली होती. चौघी बायका आत आल्या. एकीने माझा हात धरला आणि म्हणाली, मेहर माफ केली म्हण, म्हणजे त्यांच्यावर ओझं राहणार नाही. मी म्हटलं. बाहेर माणसं ताटकळत असताना कोण नाही म्हणणार?”

तिने चष्मा काढला.

“ते वाईट नव्हते. ज्या वर्षी हे मशीन घेतलं, त्या वर्षी त्यांच्या हातात पाच हजार होते. मला म्हणाले असते, हे तुझे आहेत, मशीनसाठी देतेस का, तर मी दोन्ही हातांनी दिले असते. विचारलं नाही. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की विचारायचं असतं. मलाही कुणी सांगितलं नव्हतं की मागायचं असतं.”

टाचणीला वाटलं आता दादी रडेल. दादी रडली नाही. ती उठली, भिंतीचा आधार न घेता, आणि मशीनपाशी जाऊन तिने चाकावर हात ठेवला.

“चौघींनी हात धरून वदवलेली माफी ही माफी नव्हे. मी ती परत घेते. तुमच्या अब्बांवर माझं देणं आहे. त्यांच्यामागे हे मशीन राहिलं, आणि तुम्ही दोघं त्यांचे वारस. वारशाच्या आधी देणं फेडायचं असतं. नसेल माहीत तर इमामसाहेबांना विचारून या. मला रोख नको. हे मशीन माझं. आणि माझं मशीन मी विकत नाही.”

अब्बांना काय वाटलं ते सांगायला हवं. बाराव्या वर्षापासून ते चाक त्यांनी फिरवलं होतं. गेला आठवडाभर रोज कुलूप लावताना ते त्याच्यावरून हात फिरवत आणि मग स्वतःवरच चिडत. आता आधी त्यांना लाज वाटली, आईला इतक्या वर्षांत आपण एकदाही विचारलं नाही याची. आणि लाजेच्या मागोमाग, जड गठ्ठा डोक्यावरून उतरावा तसं काहीतरी झालं. ते खुर्चीवर बसले.

“आगाऊ रक्कम हॉलवाल्याकडे गेलीय,” ते म्हणाले. “छापखानेवाल्याला परत काय देऊ?”

कुणी उत्तर द्यायच्या आत फुफींनी विचारलं, “माझं पान आहे का त्यात?”

त्यांनी ते टाचणीला विचारलं होतं. टाचणीने दुसरं रजिस्टर काढलं, फुफींनी वर्ष सांगितलं, पान सापडलं. पंचवीस हजार, टपोऱ्या अक्षरात. शेजारचा रकाना पांढरा. फुफी त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या घरचे मियाँ ठणठणीत होते, दोन दुकानं होती, आणि तीस वर्षांत फुफी स्वतःच्या पैशाने एक छत्रीसुद्धा न विचारता घेऊ शकल्या नव्हत्या.

“मी हा आकडा प्रत्येक लग्नात सांगत फिरले,” त्या म्हणाल्या. मग यादीची चौपदरी घडी करून त्यांनी पर्समध्ये टाकली. “हॉलवाला माझा दीर लागतो. पैसे आज परत आणते. बघू माझ्यापुढे कसा नाही म्हणतो. आणि तिथून घरी जाते. घरी मला थोडं बोलायचं आहे.”

“आज मियाँची काही खैर नाही,” दादी म्हणाली.

फुफी दाराबाहेर पडल्या आणि छापखानेवाला आत आला. त्याच्या मागे दोन हमाल होते, दोरखंड घेऊन. अब्बा उठले. त्यांनी शांतपणे सांगितलं की रक्कम रात्रीच्या आत त्याच्या हातात पडेल, पण मशीन विकायचा अधिकार त्यांना नव्हता. मालकीण ही, असं म्हणून त्यांनी आईकडे बोट दाखवलं. छापखानेवाल्याला थट्टा वाटली. त्याने दादीला मोठ्याने विचारलं, म्हातारीला ऐकू येत नसेल अशा थाटात, की आजीबाई, किती घेणार? दादी म्हणाली, “बहिरी नाही मी. मालकीण आहे. विकायचं नाही.” हमालांनी दोरखंड पुन्हा खांद्यावर टाकला.

लिफ्टवाल्याची आई मात्र मनाने बधली नव्हती. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, अठरा हजार मी चार लोकांत कसे सांगू?

“मी सांगेन,” आपा म्हणाली. “दिलेले अठरा हजार म्हणून सांगेन.”

मुलाने खिशातून पाकीट काढलं होतं, पण आपाने मान हलवली. आता नको, त्या दिवशी, सगळ्यांसमोर, आणि रकाना तिथल्या तिथे भरून घ्यायचा. त्याने पाकीट परत ठेवलं आणि हसला. त्या दुपारी पहिल्यांदाच कुणीतरी मनापासून हसलं. त्याची आई उंबऱ्यापर्यंत गेली, चपलेत पाय घातला आणि पाठमोरीच विचारलं, “दिवस कोणता?”

“पुढचा शुक्रवार,” आपा म्हणाली. “मशिदीत, नमाजनंतर. जेवण इथे, याच टेबलावर. गठ्ठे उचलून ठेवू.”

“माझी दवाखान्यातली सहा माणसं असतील,” त्या म्हणाल्या. “सातवं नसेल.” आणि त्या गेल्या.

मग अब्बांनी टाचणीला जवळ बोलावलं. तिला वाटलं, आता काम सुटलं हातचं. पण अब्बा ओरडले नाहीत. ते म्हणाले, आज जे झालं ते झालं, पण ही तीन रजिस्टरं लोकांच्या भरवशाने आपल्याकडे आलीत. कुणाचं नाव पुन्हा वाचायचं नाही. कबूल? टाचणीने बराच विचार केला. तिने विचारलं, “नाव नाही ना? फक्त नाव?” अब्बांना तिचा रोख कळला नाही. ते म्हणाले, हो.

टाचणी दादीकडे गेली. “दादी,” ती म्हणाली, “तुझ्या मशीनवर पट्ट्या कापून घेऊ?”

दादीने तिच्याकडे पाहिलं. त्या मशीनसाठी कुणी तिची परवानगी मागण्याची ही पहिलीच वेळ होती. “घे,” ती म्हणाली. अब्बांनी पांढऱ्या कागदाचा गठ्ठा पात्याखाली सरकवला आणि चाक फिरवलं. बोटभर रुंदीच्या पट्ट्यांचा मोठा जुडगा निघाला.

टाचणीने पहिलं रजिस्टर जमिनीवर पसरलं. एक पट्टी एकशे तेराव्या पानात घातली. मग ती पहिल्या पानावर आली. डावा पंजा तिने नावांवर झाकून धरला, घट्ट, एकही अक्षर दिसू नये असा. उजव्या हाताचं बोट शेवटच्या रकान्यावर टेकवलं. रकाना भरलेला असला की पान उलटायचं. रिकामा असला की पट्टी घालायची. आपा शिलाई थांबवून बघत राहिली, अब्बाही बघत राहिले, आणि रजिस्टराच्या कडेने पांढऱ्या जिभा बाहेर येत गेल्या. ही रजिस्टरं सोमवारी इमामसाहेबांच्या हातात जाणार होती.

तिसरं रजिस्टर अर्धं व्हायच्या आत जुडगा संपला. टाचणीने पानात बोट घालून ठेवलं आणि मान वर केली.

“दादी,” ती म्हणाली, “अजून लागतील.”